पॅनेलखालची शेवंती

आमच्या पॉलिहाउसच्या छपरावर सौर पॅनेल बसवावीत की नाही, हा प्रश्न घरात वर्षभर लोंबकळत होता. कऱ्हाडजवळ आमची जरबेरा आणि ढोबळी मिरची असते. भर दुपारी वीज गेली की पंखे आणि फवारे बंद पडतात आणि आतली झाडं माना टाकतात. पॅनेल विकणारा म्हणायचा, ऊन फुकट, छप्पर तुमचं, अडलंय कुठे? यजमान म्हणायचे, छपरावरचं ऊन पॅनेलनं प्यायल्यावर खालच्या पिकानं काय प्यायचं? दोघांचंही बरोबर वाटायचं. अशा वेळी जाऊन बघावं हे उत्तम.

बघण्यासारखी एक जागा ओळखीतच होती. माझा चुलतभाऊ श्रीधरदादा तरुणपणी भोपाळच्या सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून गेला तो तिथलाच झाला. टाउनशिपच्या बागकाम क्लबच्या जागेत त्याने स्वतः एक काचघर उभारलं होतं आणि त्याच्या छपरावर पॅनेल होती. डिसेंबरअखेर तो निवृत्त होणार होता. त्याआधी टाउनशिपचं फुलांचं प्रदर्शन होतं. "ये, बघून जा," तो फोनवर म्हणाला, "जानेवारीत इथे आम्हीही नसू आणि काचघरही नसेल." नोव्हेंबर सरताना मी निघाले.

ज्यांना फक्त पॅनेलशी मतलब आहे त्यांच्यासाठी कामाचं मध्येच सांगेन. बाकीचं कुणाच्या उपयोगाचं आहे की नाही, मला माहीत नाही.

पिपलानी

स्टेशनवर दादा स्कूटर घेऊन आला होता. मी गोडा मसाला, गूळ, कुळथाचं पीठ असं वहिनींनी मागितलेलं सगळं एका पिशवीत आणि माझे कपडे दुसऱ्या पिशवीत, असा नीट बेत केला होता. दादाने दोन्ही पिशव्या पायांशी उभ्या केल्या. एका गतिरोधकावर गुळाची ढेप रस्त्यावर पडली आणि मागच्या सिटी बसने तिच्यावरून रीतसर चाक नेलं.

"राहू दे," दादा म्हणाला, "इथला गूळ पण ठीक असतो."

"ठीक गूळ आणायला मी रात्रभर गाडीत बसले नव्हते."

"कुंदाला सांगू नको. ती म्हणेल, मी गाडी जोरात चालवली."

"मग काय हळू चालवत होतास?"

तो हसला. साठीला आलेल्या या माणसाच्या शर्टाच्या खिशात अजूनही टेस्टर अडकवलेला असतो.

पिपलानी म्हणजे कारखान्याच्या वसाहतीचा एक भाग. रुंद रस्ते, जुनी झाडं, एकाच साच्यातली क्वार्टरं. कुणाचं घर कुठलं हे नावावरून नव्हे, क्वार्टरच्या टाइपावरून आणि नंबरावरून सांगतात. कारखान्याचा भोंगा झाला की स्कूटरींचा लोंढा एका दिशेला जातो, पुढच्या भोंग्याला उलट दिशेला. आता लोंढा पातळ झालाय, असं दादा म्हणाला. बरीच क्वार्टरं रिकामी आहेत, काही पाडली आहेत.

न्याहारीला पोहे आणि जिलेबी. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं आणि लिंबू, तिथे शेव, कच्चा कांदा, बडीशेप आणि शेजारी गरम जिलेबी. पहिल्या दिवशी मी जिलेबी नंतर खाल्ली. कुंदावहिनी म्हणाल्या, "शैला, घासाबरोबर खा, नाहीतर दोन्ही वाया." त्यांचं बरोबर होतं. घरी आल्यावर मी करून पाहिलं. यजमानांनी जिलेबी बाजूला ठेवून पोहे खाल्ले.

वहिनी मूळच्या सातारच्या. घरात मराठी अगदी आपल्यासारखं, पण दादाच्या बोलण्यात "मतलब" आणि "बिलकुल" कुठेही उगवतात. मी हसले की तो म्हणतो, "इतकी वर्षं झाली, भाषेनं पण थोडं क्वार्टर बदललं."

क्वार्टरच्या मागच्या अंगणात भिंतीला लागून ओळीने ओलसर गोल डाग दिसत होते. तिथे वर्षानुवर्षं कुंड्या होत्या; आता त्या काचघरात होत्या. वहिनींनी चहाचा कप हातात घेऊन मला त्या रिकाम्या अंगणाचा इतिहास समजावून सांगितला.

त्या टाउनशिपमध्ये एक रीत आहे. बदली झाली किंवा नोकरी संपली की क्वार्टर सोडताना कुटुंबं सामान बांधतात, आणि झाडं शेजाऱ्याला देऊन जातात. ट्रकमध्ये कुंड्या टिकत नाहीत हे एक कारण. दुसरं, मागे काहीतरी राहावं असं वाटतं. वहिनींकडे अशी शेवंती जमत गेली. हिंदीत तिला गुलदाउदी म्हणतात. कुणी बंगालहून आणलेली, कुणी लखनौची. त्या शेवंतीला जातीचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. ज्यांनी दिली त्यांच्या नावानेच ती ओळखली जायची. घोषालांची पिवळी, चेंडूएवढी, पाकळ्या आत वळलेल्या. नायरांची पांढरी, दोऱ्यासारख्या पाकळ्यांची. बेदींची गडद लाल. अशी बरीच. फुलं गेली की झाड सुकतं, पण मुळाशी धुमारे फुटतात. आमच्याकडे त्यांना काश्या म्हणतात. त्या लावल्या की पुढच्या वर्षी तेच फूल. तीस वर्षं वहिनी या काश्या लावत आल्या. झाडं मरत होती आणि तीच झाडं जगत होती.

"आता निवृत्त झाल्यावर आम्ही पुण्याला, लेकाकडे. नववा मजला. उत्तरेची बाल्कनी, ऊन येत नाही," वहिनी म्हणाल्या. "म्हणून या वेळी सगळ्यांना फोन केले. म्हटलं, प्रदर्शनाला या आणि आपापली शेवंती घेऊन जा. घोषालवहिनी तर गेल्या. पण त्यांची मीता जबलपूरला असते, ती येणार आहे. नायर इथेच कोलार रोडला राहतात. ज्याचं त्याला पोचलं की मी मोकळी."

"कुंड्यांवर नावं घातलीत?"

"नावं कशाला? इथे होत्या तोवर जागेवरून कळायचं. आणि फूल आलं की कळतंच."

बरखेडा

काचघर वसाहतीच्याच दुसऱ्या भागात, बरखेड्यात, क्लबच्या तुकड्यावर. संध्याकाळी दादाने मला तिथे नेलं, वहिनीही आल्या. सांगाडा लोखंडी अँगलचा, भिंती पाडलेल्या क्वार्टरांच्या खिडक्यांच्या काचांच्या. काही काचांवर जुना रंग होता, एकीवर कुणा मुलाने चिकटवलेला विमानाचा कागद. छपरावर पॅनेल बुद्धिबळाच्या पटासारखी मांडलेली: एक घर पॅनेल, एक घर काच. त्यामुळे आत सावलीचे चौकोन पडतात आणि दिवसभर सरकत राहतात.

आता कामाचं. पॅनेलखाली पालक, मेथी आणि कोथिंबीर फार चांगली येते. दादाची मेथी आमच्या शेतातल्या मेथीपेक्षा कोवळी होती, हे मी कबूल करते. टोमॅटो नुसते वाढतात, धरत नाहीत. पॅनेल धुतल्यावर पाणी खालच्या रोपांवर टपकतं, म्हणून पन्हळ लावायलाच हवी. आणि खरी कमाई उन्हाळ्यात. भोपाळचा मे महिना म्हणजे शेवंतीच्या मातृरोपांचा काळ. वहिनींची दर वर्षी दोन-तीन तरी जायची. ओली गोणपाटं, माठाचं पाणी, सगळं करूनही. या मेमध्ये पॅनेलची सावली, पॅनेलच्याच विजेवर चालणारे पंखे आणि फवारे, यामुळे एकही गेलं नाही.

"बिलकुल एकही नाही," दादा म्हणाला. "विचार हिला."

"खरंय," वहिनी म्हणाल्या. "मी पहिल्यांदा मेमध्ये माहेरी गेले."

मग दादाने त्याची व्यवस्था दाखवली. सावलीचे चौकोन सगळ्यांवर सारखे पडत नाहीत, म्हणजे काही कुंड्यांना जास्त ऊन, काहींना कमी. हे त्याला अन्याय वाटलं. जन्मभर त्याने कारखान्यात माणसांच्या पाळ्या लावल्या होत्या. त्याने कुंड्यांच्याही लावल्या. पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी. कुंडीवर लाल, हिरवा, निळा पट्टा, आणि दर आठवड्याला पाळी बदलली की कुंड्यांची जागा बदलायची.

"जनरल शिफ्ट कुणाला?" मी विचारलं.

"कढीपत्त्याला. तो ऑफिसर आहे, हलत नाही."

वहिनी हसल्या. दादाला आणखी हुरूप आला.

पट्ट्याचा रंग सांगतो कुंडी कुठल्या पाळीची. ती घोषालांची की नायरांची हे सांगत नाही. जूनमध्ये काश्या लावल्या, श्रावणात मोठ्या कुंड्यांत हलवल्या, आणि तेव्हापासून त्या पाळ्यांवर फिरत होत्या. हे मी मनात नोंदवलं, पण त्यात अडचण वाटली नाही. फूल आलं की कळेलच, असं मीही म्हणाले.

शेवंतीजवळ गेले आणि मला काहीतरी खटकलं. झाडं सुरेख होती. कमरेएवढी उंच, गर्द हिरवी, पानं टवटवीत. पण नोव्हेंबर संपत आला होता आणि एकाही शेंड्याला कळी नव्हती. क्लबमधल्या बाकीच्यांच्या कुंड्या बाहेर उघड्यावर होत्या, खुरटलेल्या, खालची पानं सुकलेली. त्या कळ्यांनी भरल्या होत्या, काहींना रंग फुटला होता.

"आतली उशिरा येतात," दादा म्हणाला, "पण येतील तेव्हा बघ. एवढा जोर आहे त्यांच्यात."

बाहेर अंधारायला लागलं. कुठेतरी टक् असा आवाज झाला आणि काचघरातले सगळे दिवे एकदम लागले. पांढरा, स्वच्छ उजेड. रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला थांबून बघू लागला. खरंच बघण्यासारखं होतं. काळोखात उभा केलेला एक कंदील, आणि त्यात हिरवी झाडं.

"दिवसा पॅनेल जेवढं ऊन घेतं," दादा सांगत होता, "तेवढा उजेड रात्री परत द्यायचा. पावसाळा संपताना झाडं लांबट व्हायला लागली, मतलब उजेड कमी पडतोय. मग बॅटरी वाढवली, टायमर बसवला. सप्टेंबरपासून रोज. झोपायच्या वेळेपर्यंत."

आमच्या भागात शेवंतीवर रात्री बल्ब लावतात ते मी लहानपणापासून बघत आले आहे. फूल लवकर यावं म्हणून नव्हे; येऊ नये म्हणून. शेवंती रात्र मोजते. रात्र मोठी झाली की ती कळी धरते. तिला रात्री उजेड दाखवा, ती समजते अजून उन्हाळाच आहे, आणि नुसती पानं काढत राहते. आमचे शेतकरी लग्नसराईचा भाव गाठायला मुद्दाम असं करतात आणि वेळ आली की बल्ब काढतात. काढल्यावरही फूल यायला दोनेक महिने जातात.

प्रदर्शन पुढच्या रविवारी होतं.

स्वयंपाकघर

त्या संध्याकाळी दादा शेजारी कुणाचा तरी पंखा दुरुस्त करायला गेला. वहिनी भाकऱ्या थापत होत्या. मी पाट्यापाशी बसून लसूण सोलता सोलता सरळ सांगून टाकलं. मला आडवळणाने सांगता येत नाही.

वहिनींचा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली.

"म्हणजे येणारच नाहीत?"

"येतील. आजपासून दिवे बंद केले तर जानेवारीच्या शेवटाला."

"जानेवारीत आम्ही कुठे आहोत?" त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलंच होतं काहीतरी. शेजारच्या मिश्रीण रोज विचारतात, भाभीजी, आपके यहाँ कली आई? मी म्हणते, आ रही है."

"दादाला सांगते मी."

"नको."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या भाकरीकडे पाहत होत्या.

"नको सांगूस. निदान प्रदर्शनाआधी नको. शैला, तीस वर्षांत ह्यांनी माझ्या झाडांकडे पाहिलं नव्हतं गं. कारखाना, पाळ्या, बिघाड झाला की परत कारखाना. कुंडी वाटेत आली की सरकवायची, एवढाच संबंध. मी कधी बोलले नाही. आणि या वर्षी एके दिवशी म्हणाले, कुंदा, मेमध्ये तुझी झाडं मरतात ना, मी काहीतरी करतो. रविवारी रविवारी काचा आणल्या. हात कापून घेतला. रोज संध्याकाळी तिथे जातात आणि येऊन सांगतात, आज घोषाल बोटभर वाढले, नायर जरा सुस्त आहेत." त्या थोडं हसल्या. "माझ्या झाडांची नावं घेतात. चुकीची घेत असतील. पण घेतात."

मी म्हटलं, "पण दर संध्याकाळ पुढे जातेय, वहिनी. जितके दिवस दिवे लागतील तितकं फूल लांबेल."

"लांबू दे," त्या म्हणाल्या. "आता लांबलंच आहे."

लसूण सोलून झाला होता. मी सालं गोळा केली. मला त्यांचं पटलं नव्हतं, आणि त्यांना विरोधही करता येत नव्हता. असं माझं सहसा होत नाही.

महाराणा प्रताप नगर

दुसऱ्या दिवशी दादाने मला ज्याच्याकडून पॅनेल घेतली त्या दुकानदाराकडे नेलं. महाराणा प्रताप नगर म्हणजे नुसती दुकानं, कचेऱ्या आणि कोचिंग क्लासचे फलक. एकेका फलकावर इतके हसरे चेहरे की सगळं भोपाळ परीक्षेत पहिलं आलंय असं वाटावं. दुकानदाराने चहा मागवला आणि मला माहिती द्यायला सुरुवात केली. मी तिरपं छप्पर, वाऱ्याचा जोर, सांगाड्याला किती भार पेलेल, असं विचारत गेले. तो दादाकडे वळून म्हणाला, "साहब, दीदी तो आपसे भी सख्त हैं."

"हमारे खानदान में सब इन्स्पेक्शन वाले हैं," दादा म्हणाला.

मग तो दुकानदाराला काचघराचं सांगू लागला. प्रदर्शनात पॅनेलची माहिती देणारा फलक लावणार, क्लबला दाखवणार, इस्टेट ऑफिसला दाखवणार. त्यांना पटलं तर काचघर पाडणार नाहीत, दुसरं कुणी चालवेल. "फूल देखकर सब मान जाएँगे," तो म्हणाला. त्याचा चेहरा मी लहानपणी पाहिलेला होता तसाच झाला होता, विहिरीवर पहिला पंप चालू केला तेव्हाचा.

बाहेर पडल्यावर एका टपरीपाशी आम्ही कचोरी घ्यायला थांबलो. त्या फलकाचं ऐकल्यावर मला गप्प राहणं जमेना. वहिनींना मी तसा शब्द दिलाच नव्हता, अशी मी मनाशी सोय करून घेतली. आणि सांगितलं.

दादा आधी भांडला. "असं कसं? जेवढं घेतलं तेवढं दिलं. हिशेब बरोबर आहे."

"उजेडाचा बरोबर आहे. तिला रात्र लागते, दादा."

"रात्र लागते," तो म्हणाला. कचोरीचा द्रोण त्याच्या हातात तसाच होता. त्याने मग दोन-तीन प्रश्न विचारले, नेमके. किती आठवडे, किती तास काळोख, मध्येच तोडला तर काय. मी उत्तरं दिली. त्याच्या डोक्यात सप्टेंबरपासूनची एकेक संध्याकाळ उलटी फिरतेय, हे मला दिसत होतं.

"कुंदाला माहीत आहे?"

"काल सांगितलं."

"काल." तो रस्त्याकडे बघत राहिला. "सकाळी मी तिला म्हटलं, या आठवड्यात कळ्या दिसतील. ती म्हणाली, हो, दिसतील."

द्रोण त्याने डब्यात टाकला. कचोरी त्यातच होती. पूर्ण रस्ता तो गाडी फार हळू चालवत होता.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं बरखेड्याला गेलो. अंधार पडला. टक् आवाज झाला नाही. काचघर काळोखातच राहिलं. सवयीने थांबलेला सायकलवाला जरा वाट बघून निघून गेला.

"टायमर बिघडला वाटतं," दादा म्हणाला.

"असू दे," वहिनी म्हणाल्या. "राहू दे आता. दुरुस्त नका करू. पुढच्या महिन्यात काढायचंच आहे."

"हो. नाही करत."

दोघांपैकी कुणीच दुसऱ्याकडे पाहिलं नाही. मी मध्ये उभी होते. एकाला माहीत होतं की दुसरीला माहीत आहे. त्यालाही कळलंय हे दुसरीला अजून माहीत नव्हतं, किंवा असेलही. परत येताना वहिनींनी दादाचा हात धरला, रस्ता खडबडीत आहे म्हणून. टाउनशिपमधले रस्ते खडबडीत नाहीत.

प्रदर्शन

मैदानावर मांडव, लांबच लांब टेबलं, त्यांवर पांढऱ्या चादरी. आमच्याकडे स्पर्धा म्हटलं की मानपान, सत्कार, भाषणं. तिथे सगळं कारखान्याच्या शिस्तीत. गट क्रमांक, टेबल क्रमांक, परीक्षकांच्या मागे एक माणूस ट्रे घेऊन. लोक मुलाबाळांना घेऊन आले होते. ऊन कोवळं होतं. शेवंती अशी की डोळा ठरेना: पिवळी, जांभळी, तपकिरी, काही फुलं परातीएवढी वाटावीत अशी. नोकरीत फोरमन असलेले लोक आपल्या फुलावरची धूळ ब्रशने झाडत होते.

वहिनींच्या टेबलावर हिरवी झाडं. नाव मागे घ्या, असं मी सुचवलं होतं. वहिनी म्हणाल्या, "लोक लांबून येणार आहेत, त्यांना कुठे भेटू?" दादाने फलक लावला नव्हता. तरी लोक विचारत होते आणि तो सांगत होता, मेमधल्या सावलीचं, पंख्यांचं, मेथीचं. दिव्यांचंही तो सांगत होता. "मेरी ग़लती हुई. रात को उजाला नहीं देना था." प्रत्येकाला तेच, त्याच आवाजात. त्याच्या विभागातला एक जण म्हणाला, "साहब, बिजली तो आ गई, फूल कब आएँगे?" आजूबाजूचे हसले. दादाही हसला. मी वहिनींकडे पाहिलं. त्या दादाकडे बघत होत्या. त्याने मान्य केलेलं त्यांनी तिथे, सगळ्यांबरोबर, पहिल्यांदा ऐकलं.

परीक्षक आले, थांबले, एकाने पान उलटून पाहिलं, "पौधे बढ़िया हैं" म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

नायर काका-काकू दुपारी आले. काकूंना गुडघ्यांचा त्रास, खुर्चीत बसून त्या वहिनींचा हात सोडीनात. नंतर मीता आली, जबलपूरहून, नवऱ्याला घेऊन. वहिनींना पाहून तिला रडू आलं. "आंटी, मम्मी हमेशा बोलती थीं, भाभी के पास हमारा घर रखा है."

मग तिने टेबलाकडे पाहिलं. "हमारा वाला कौन सा है?"

वहिनी झाडांपाशी गेल्या. पान हातात घेतलं, चोळलं, वास घेतला. काही झाडं त्या पानावरून ओळखत होत्या. बेदींची त्यांनी लगेच बाजूला काढली होती, तिचं पान वेगळंच होतं. पण पिवळी आणि पांढरी पानाला सारख्या. अंगणात असत्या तर डावीकडची दुसरी, उजवीकडची शेवटची. पण त्या चार महिने पाळ्यांवर फिरल्या होत्या.

दादा जवळ आला. "कुंदा, लाल पट्टीची असेल. घोषाल पहिल्या पाळीत होते." हे तो खात्रीने बोलला नाही. वहिनींना धीर द्यायला बोलला.

"हो," वहिनी म्हणाल्या, "लाल पट्टीची." आणि लाल पट्ट्याच्या कुंड्यांतली एक उचलून मीताच्या हातात दिली. मीताने ती बाळासारखी धरली.

नायरांना दुसरी दिली. संध्याकाळपर्यंत टेबल रिकामं झालं. बाकीच्या काही कुंड्या शेजाऱ्यांनी नेल्या. एखादी पुण्याला न्या, असं मी म्हटलं. "कुठली नेऊ?" वहिनी म्हणाल्या.

परत आल्यावर

आम्ही पॅनेल बसवली, पण अर्ध्या छपरावर, ढोबळी मिरचीच्या बाजूला नाही. पॅनेलखालच्या अर्ध्यात आता पालक आणि कोथिंबीर घेतो. उन्हाळ्यात पंखे बंद पडले नाहीत. पॅनेल आणि पीक एका छपराखाली नांदू शकतात, हे मी बघून आणि करून सांगते. फक्त आपण काय परत देतोय ते पिकाला हवं आहे का, हे आधी विचारावं.

दादा-वहिनी पुण्याला आले. काचघर उतरवलं, पॅनेल क्लबच्या कचेरीच्या गच्चीवर गेली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला वहिनींचा फोन आला. मीताने फोटो पाठवला होता, जबलपूरच्या तिच्या खिडकीत फुललेल्या शेवंतीचा. वहिनींनी तो मला पाठवला. फूल पांढरं होतं, दोऱ्यासारख्या पाकळ्यांचं. नायरांची.

"आणि नायरांकडे?" मी विचारलं.

"त्यांच्या कुंडीत पाणी साचलं. गेली."

म्हणजे पिवळी त्यात गेली, किंवा शेजाऱ्यांनी नेलेल्यांत कुठे आहे. कुणाकडे ते आता पिपलानीत जाऊन शोधणार कोण?

"मीता काय म्हणतेय?"

"लिहिलंय, आंटी, बिल्कुल वैसी ही, जैसी मम्मी की थी."

मी फोटो पुन्हा बघितला.

"तिला आठवत नाहीये गं," वहिनी म्हणाल्या. "पिवळी होती. अंगणात उभी राहून घोषालवहिनी सांगायच्या, माहेरून आणलीय. मीता तेव्हा तिथेच खेळत असायची. तिला आठवत नाही, नायरांनाही आठवत नसेल. मलाच आठवतंय."

"मग काय उत्तर दिलंत?"

"हो बेटा, वैसी ही है." मागे दादाचा खोकण्याचा आवाज आला. "ह्यांनीही बघितला फोटो. चष्मा लावून, मोठा करून. म्हणाले, घोषालांचीच ना? बरोबर घरी गेली ना?"

"मग?"

"म्हटलं, हो. बरोबर गेली."